कोल्हापुरात एकटे आहात? मिसळ खावी की मटणाची थाळी?

कोल्हापुरात एकट्यानं उतरलेल्या माणसापुढं खरे पर्याय दोनच: काउंटरवर पैसे भरून आपली आपण उचलून आणायची मिसळ, नाहीतर खानावळीत बसून वाढून घ्यायची मटणाची थाळी. चवीवरून वाद नको, दोन्ही आपापल्या जागी भारी आहेत. एकट्याची अडचण वेगळीच असते. जागा कोण धरणार?

गर्दीच्या मिसळीच्या दुकानात आधी पैसे, मग कूपन, मग खिडकीवरून हाक. चौघं असले की एक रांगेत थांबतो, बाकीचे टेबल अडवतात. तुम्ही एकटे, त्यात पाठीवर बॅग. यावर उपाय एकच, लाजायचं नाही. अर्ध्या भरलेल्या टेबलापाशी जाऊन सरळ विचारायचं, "हितं कोण बसलंय काय?" बहुतेक वेळा "बसा की" असंच ऐकायला मिळतं. मग कळतं की एकटं असणं सोयीचंच आहे. फडतरे असो की बावडा मिसळ, रविवारी सकाळी चार खुर्च्या एकदम मिळणं मुश्कील, एक मात्र कुठंही निघते.

कूपन घेतानाच जादा ब्रेड घेऊन ठेवा. इथं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड असतो आणि तो बघता बघता संपतो. तो आणायला पुन्हा रांगेत गेलात, तर टेबल पुसणाऱ्या पोराला तुमची अर्धी डिश टाकलेली वाटू शकते. कट, म्हणजे मिसळीवर ओतायचा तिखट रस्सा, तोही वाटीत वेगळा मागून घ्यावा. खाली मटकी, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर. कट एकदम ओतला की शेवेचा लगदा होतो. कडेनं थोडा थोडा घालत गेलं की शेवटच्या घासापर्यंत शेव कुरकुरीत राहते.

थाळीत उठायची भानगडच नाही. सुकं मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, मागाहून भात, सगळं जागेवर येतं. दुसऱ्या शहरात एकट्यानं मटण मागवलं की दोघांना पुरेल एवढी प्लेट समोर येते आणि अर्धं उरतं. थाळी मुळात एका माणसाच्या मापाची. शिवाय बऱ्याच खानावळींत रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, त्यामुळं वाढपी "पाव्हणं, पांढरा घ्या की" म्हणत आला की वाटी पुढं करायची. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजूचं वाटण पडलं की पांढरा होतो. त्याच अळणीवर कांदा-लसूण चटणी घातली की तांबडा. पांढरा आधी प्यावा, गरम असतानाच. निवला की वर चरबी थिजते आणि मजा जाते.

पैशाचं म्हणाल तर थाळी मिसळीच्या तिप्पट-चौपट पडते. वेळही जास्त लागतो, आणि नंतर डोळे मिटायला लागतात ते वेगळंच.

मिसळ सकाळचीच, नावाजलेल्या ठिकाणी दुपारनंतर गेलात तर हात हलवत परतायची तयारी ठेवा. थाळी दुपारी आणि रात्री. मधल्या संध्याकाळी भूक लागलीच, तर शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ आहे. तिथं उभ्याउभ्या खाता येतं, म्हणजे जागेचा प्रश्नच मिटला.

एकाच जेवणापुरतं गावात असाल, तर माझं मत थाळीला. मिसळ पोटभर होत असली तरी एकट्याचं निम्मं लक्ष बॅगेवर आणि खुर्चीवर राहतं. थाळीपुढं निवांत बसता येतं. पण जेवून लगेच आंब्याच्या घाटातून रत्नागिरीची एसटी धरायची असेल, तर मिसळच बरी. तीही कट बेतानं घालून.