ड्रमस्टिक सटकते? घरगुती जुगाडांचा रिव्ह्यू, मुंबईच्या घामासकट

घामाने ड्रमस्टिक वाजवताना हातातून सटकू नये म्हणून तिला काय लावायचं, याचा निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांचा आज रात्री शो आहे त्यांनी पुढचं न वाचता सरळ मेडिकल गाठावं. पांढरी कापडी चिकटपट्टी घ्या, झिंक ऑक्साइडवाली, तीच जी जखमेवर कापूस धरायला लावतात. आणि ती लावायच्या आधी स्टिकवरचं पॉलिश घासून काढा. बॅडमिंटनची ग्रिप, हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी प्लास्टिकची नळी), मेण, रोझिन (व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ), सगळं वापरून झालंय आणि प्रत्येकात काहीतरी चांगलं आहे, पण मुंबईच्या हवेत या दोघांपुढे बाकीचे कुठे ना कुठे हरतात. का ते सांगतो, जरा लांबेल.

आपल्याकडे घाम हा मुद्दाच वेगळा आहे. गणपतीत मंडपाच्या पत्र्याखाली ऑर्केस्ट्रा, तोंडावर हॅलोजन, पंखा असलाच तर तो गायकाकडे वळवलेला, आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज असते त्यामुळे आलेला घाम सुकतच नाही, तळहातावर तसाच बसून राहतो. मग नवरात्र म्हणजे ऑक्टोबर हीट, त्यात गरब्याची नॉनस्टॉप मेडली, हात पुसायला गॅप मिळेल तर शपथ. एसी स्टुडिओत बसून बनवलेल्या व्हिडिओतले सल्ले इथे जसेच्या तसे लावले की वाट लागते ती याचमुळे.

आणि स्टिक सटकायला लागली की माणूस करतो काय, तर मूठ आवळतो. मूठ आवळली की स्टिकचा बाऊन्स मेला, बाऊन्स मेला की प्रत्येक फटका मनगटाने मारावा लागतो, आणि तासाभरात कोपरापासून खाली हात लाकूड. स्टिक हातात थोडी हलली पाहिजे, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये ती झोपाळ्यासारखी मागेपुढे व्हायला हवी, तरच डबल स्ट्रोक, म्हणजे एकाच हाताने लागोपाठ दोन ठोके, निघतो. म्हणून माझं मोजमाप सोपं आहे: जे घाम पितं ते चांगलं, जे नुसतं चिकटतं ते डोकेदुखी. खालचे सगळे मार्क याच हिशोबाने दिलेत, पटत नसेल तर सोडून द्या.

पॉलिश पेपरपासून सुरू करू, कारण तो वडापावच्या भावात हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. बऱ्याच स्टिकवर लॅकर, म्हणजे पॉलिशचा थर, असतं, दिसायला मस्त चकचकीत, पण ओल्या हातात तेच साबणासारखं वागतं कारण लाकडाला घाम शोषूच देत नाही. 150 किंवा 180 नंबरचा पेपर घ्यायचा आणि मागच्या टोकापासून साधारण सहा-सात इंच घासायचं, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं नाही. चमक गेली की थांबा. काही उत्साही लोक पार पुढच्या टोकापर्यंत घासत जातात, त्याची काही गरज नाही, टिपकडे स्टिक आधीच बारीक होत जाते आणि तिथेच ती झिजते आणि मोडते. स्टिक हिकरीच्या लाकडाची असेल तर हा उपाय जास्त चांगला लागतो. आपल्याकडच्या स्वस्त लोकल स्टिकवर पॉलिश इतकं जाड असतं की घासताना हात दुखतो, पण फरकही तिथेच सगळ्यात जास्त जाणवतो. चाकूने चरे पाडायचा सल्ला कोणी देत असेल तर मान हलवा आणि विसरून जा, लाकडाच्या शिरा उचकटतात आणि कुसळं बोटात जातात.

आता चिकटपट्टी. ढोल-ताशा पथकातली पोरं बोटांना गुंडाळतात तीच, फक्त आपण ती बोटाऐवजी स्टिकला गुंडाळायची. सुती कापड आहे त्यामुळे घाम पितं, जाडी जेमतेम वाढते, आणि पृष्ठभाग थोडा खरखरीत असल्यामुळे मूठ सैल ठेवली तरी स्टिक पळत नाही. गुंडाळताना मागच्या टोकाकडून सुरू करून पुढे यायचं. वाजवताना स्टिक पुढे पळायला बघते म्हणजे हात तिच्यावरून मागे घासतो, आणि पट्टी मागून पुढे गुंडाळली असेल तर कडा मागच्या बाजूला तोंड करून राहतात, हात त्यांच्यावरून सरळ सरकतो, उचकटत नाही. उलटं गुंडाळलं तर दुसऱ्या गाण्यात दोरे लोंबायला लागतात. अर्ध्यावर अर्धा थर नको, जेमतेम कड झाकेल एवढाच.

अजून एक, आणि हे फार कमी लोक करतात. अंगठा आणि पहिलं बोट जिथे बसतं तेवढी जागा उघडी सोडा, पट्टी फक्त मागच्या तीन बोटांखाली. पिव्होट, म्हणजे स्टिक जिथे झुलते ती जागा, मोकळा राहतो, बाऊन्स तसाच्या तसा, आणि पकडायचं काम मागची बोटं करतात. माझ्या मते सगळ्या जुगाडांमधली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, कुठलाही टेप वापरा. तोटे? पांढरी पट्टी लवकर काळी पडते, किळसवाणी दिसते. आणि उन्हात गाडीच्या डिकीत बॅग ठेवली की गोंद पातळ होऊन बाहेर येतो. तो काढायला खोबरेल तेल चालतं, पण मग तेल काढायला स्पिरिट लागतं, त्यापेक्षा थेट स्पिरिटचा कापूस फिरवा.

बॅडमिंटनची ओव्हरग्रिप. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास स्पोर्ट्सच्या दुकानांत ढिगाने मिळते आणि बाजूलाच जेर महालमध्ये फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे, म्हणजे स्टिक आणि ग्रिप एका फेरीत होतात. हातात घेतल्या घेतल्या प्रेमात पडायला होतं, मऊ, गुबगुबीत, फोड येत नाहीत. पण हिशोब बघा. 5ए, 5बी, 7ए हे स्टिकचे साइझ नंबर. 5ए स्टिकची जाडी साधारण 14.4 मिलिमीटर, 5बी साधारण 15.1. ओव्हरग्रिप 0.6 मिमीच्या आसपास, ती दोन्ही बाजूंनी धरली तर 1.2, म्हणजे एका थरातच तुमची 5ए ही 5बीपेक्षा जाड झाली, आणि थर एकमेकांवर चढले की विचारूच नका. शिवाय अख्खी स्टिकच 50 ग्रॅमच्या आसपास असते, तिच्या मागच्या टोकाला काही ग्रॅम वाढले तरी बॅलन्स मागे येतो आणि पुढचं टोक हलकं हलकं वाटायला लागतं, राइडवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, तर लगेच कळतं. यावर उपाय म्हणजे एक नंबर बारीक स्टिक घ्यायची, 7ए घेऊन तिला ग्रिप लावली की बरोबर 5एच्या जरा वर येते. रॉक वाजवणाऱ्यांना, जोरात हाणणाऱ्यांना हे आवडेल. मला घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हलके ठोके, लागतात, मला नाही आवडत. पीयूची (पॉलियुरेथेनची) ग्रिप घाम थोडाच पिते आणि एकदा भरली की बुळबुळीत होते, त्यापेक्षा टॉवेल ग्रिप बरी, पण ती अजून जाड.

हीट श्रिंक ट्यूबबद्दल खूप ऐकलं होतं म्हणून लोहार चाळीतून मीटरवर आणली. साधी ट्यूब 2:1 ने आकसते, म्हणजे 16 ते 20 मिमीची घेतली की 5एवर घट्ट बसते. फिनिशिंग एकदम कंपनीचं वाटतं, कड नाही, गोंद नाही, हे मान्य. पण साध्या हेअर ड्रायरला ती दाद देत नाही, हीट गन पाहिजे, आणि गॅसवर धराल तर लाकूड करपेल. मुख्य म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकच ते, घाम प्यायचा प्रश्नच येत नाही. फिशिंग रॉडसाठी खडबडीत नक्षीवाली मिळते ऑनलाइन, घ्यायचीच तर ती घ्या. साध्या ट्यूबला पाचपैकी दोन, तेही दिसण्यासाठी.

मेणाच्या बाबतीत लोक एक घोळ घालतात. मेणबत्ती पॅराफिनची असते आणि पॅराफिन घसरतं, ती घासून ग्रिप वाढणार नाही, उलट जाईल. चिकटपणा असतो मधमाशांच्या मेणात, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, हाताच्या उबेने जरा मऊ होतं आणि मग छान पकड येते. पातळ हात फिरवायचा, पॉलिश काढलेल्या लाकडावर. जॅम रूममध्ये एसी असेल तर हे माझं आवडतं. मंडपात मात्र अर्ध्या शोनंतर त्यावर घामाचा थर येतो आणि खेळ संपला. व्हायोलिनचं रोझिन तर नकोच, ते पाइनच्या राळेचं असतं, कुटून हातावर घेतलं की चिकटतं खरं, पण इतकं की स्टिक हातात फिरतच नाही, आणि ते सगळीकडे लागतं, ऑक्टोपॅडवर, मोबाइलवर, नाकावर.

टाल्कम पावडर पहिल्या गाण्याला बरी, नंतर तिचं पीठ मळलं जातं. जिमवाल्यांचं चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते पावडरपेक्षा खूप चांगलं, पण काळ्या शर्टवर पांढरे पंजे उमटतात. रबरबँड गुंडाळून पिव्होटच्या मागे एक छोटा गोळा करायचा, हा फुकटातला उपाय चक्क चालतो, स्टिक पुढे पळायला लागली की बोटाला अडते. शिकणाऱ्या पोरांना मी हाच सांगतो. बॅटिंगच्या ग्लोव्हजच्या आत घालतात ते सुती इनर्सही ज्यांना फोड येतात त्यांना चालतील, बोटं कापलेले घ्या.

हे सगळं करायचा कंटाळा असेल तर रेडीमेड आहेच. विक फर्थची विक ग्रिप, झिल्जनच्या बुडवून कोट केलेल्या डिप स्टिक्स, प्रोमार्कची अॅक्टिव्हग्रिप, जी हात गरम झाला की जास्त चिकट होते. शेवटची आपल्या हवेसाठीच बनवल्यासारखी वाटते आणि खरंच चांगली आहे, फक्त रिमशॉट (ड्रमच्या कडेवर फटका) मारणाऱ्याची स्टिक पुढून कधीच झिजून जाते आणि मागचा महागडा कोट तसाच नवा राहतो, मग पोटात दुखतं. दर सीझनला स्टिक मोडणाऱ्याने साध्या स्टिक आणि चिकटपट्टीचा रोलच बॅगेत ठेवावा.

सायकलच्या ट्यूबबद्दल कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, पंक्चरवाला फुकट देतो, पकडही जबरदस्त, पण घामाने रबराचा काळा रंग हाताला लागतो आणि तिथून झब्ब्याला. मंडळाने पांढरे झब्बे दिले असतील तर विचारही करू नका.