सदर भागातला सिस्टर लोकांचा (ख्रिश्चन नन) दवाखाना: ड्रेसिंगसाठी एक नंबर, पार्किंगच्या नावानं बोंब

बाबांना शुगर आहे, अंगठ्याजवळची जखम काही केल्या भरेना. आधी एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात जायचो, तिथं मोठे डॉक्टर दारातूनच बघायचे आणि ड्रेसिंगला रोज नवा पोरगा. शेवटी शेजारच्या काकूंनी इथलं सांगितलं.

इथं ड्रेसिंग कोण करतं माहितीये? दवाखान्याच्या मुख्य सिस्टर, स्वतः. खाली छोट्या स्टुलावर बसतात, पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतात, सलाईननं धुतात, बोटांच्या बेचक्या गॉजनं एकेक करून कोरड्या करतात, ओल राहिली की फंगस धरतं म्हणे. बाबा पाय मागे घेऊ लागले, "अवो सिस्टर, पायाले काऊन हात लावता, राहू द्या ना", तर त्या हसून म्हणाल्या, पेत्रपण असंच म्हणाला होता काका. कोण पेत्र? मग त्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. योहानाच्या शुभवर्तमानात 13व्या अध्यायात आहे, शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, ते काम तेव्हा घरच्या नोकराचं, म्हणून त्यातला पेत्र नावाचा शिष्य नको नको म्हणतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये फादर अजूनही लोकांचे पाय धुतात, आणि पोप फ्रान्सिसनी 2013 ला रोमच्या बालतुरुंगात जाऊन 12 पोरापोरींचे धुतले, त्यात मुस्लिमपण होते. एवढंच, तेही आम्ही विचारलं म्हणून, बाकी प्रचार वगैरे काही नाही (आमच्या नातेवाईकांना आधी तीच शंका). मला विचाराल तर वर्षातून एकदा चर्चमध्ये पाय धुण्यापेक्षा रोज सकाळी पू झालेली जखम धुणं जास्त अवघड आहे.

पण नम्र म्हणजे गोड बोलणाऱ्या असं समजू नका बरं का. बाबांनी घरी गरम पाण्यात पाय बुडवला तर अशा झापल्या की विचारू नका, संवेदना गेलेल्या पायाला भाजलेलं कळतच नाही. एमसीआर चप्पल (मऊ रबराच्या तळाची, शुगरवाल्यांच्या पायासाठी) घ्यायला लावली ती लावलीच. एका पेशंटच्या मुलानं शाल-श्रीफळ आणून सत्काराचा घाट घातला, तर म्हणाल्या शाल परत कर आणि गॉजचे बंडल आण, फोटोपण काढू दिला नाही.

फी अगदी नावापुरती. गाडी लावायला जागाच नाही, टोकन सकाळी लवकर संपतात, फोन कोणी उचलत नाही, रविवारी बंद. कूलर आहे पण मे महिन्यात त्याचं काय चालणार. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो टोकनच्या गोंधळासाठी.