वडिलांचं ओमेगा विकायचंय: दुकान, शोरूम, ऑनलाइन की लिलाव?

जुनं घड्याळ विकायला काढलं की पहिला प्रश्न असतो, "किती येतील?" आणि समोरचाही मागचं झाकण न उघडता बेधडक आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो. एकाच वर्षी बनलेल्या, एकच नाव असलेल्या दोन ओमेगांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो आणि तो कपाटातून काढताना दिसत नाही. विक्रीच्या चार वाटांची तुलना खाली केली आहेच, पण कुठली वाट घ्यायची हे बहुतेक वेळा घड्याळच ठरवतं. त्यामुळे सुरुवात ओळखीपासून.

उदाहरणाला ओमेगा कॉन्स्टेलेशन घेऊ. हे मॉडेल १९५२ साली आलं. आपल्याकडे परदेशी गेलेल्या काकांनी किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणीतरी आणलेलं, लग्नकार्यापुरतं बाहेर निघणारं असं एखादं घड्याळ अनेक घरांत सापडतं. साठच्या दशकातल्या कॉन्स्टेलेशनची सगळ्यांत जास्त मागणी असलेली डायल बारा पैलूंची, उलट्या ठेवलेल्या ताटलीसारखी कडांना उतरती असते. संग्राहक तिला 'पाय-पॅन', म्हणजे पाय हा गोड पदार्थ भाजायची ताटली, म्हणतात. सहाच्या वर एक छोटा तारा, आणि मागच्या झाकणावर वेधशाळेचं चित्र व तिच्या माथ्यावर आठ तारे.

झाकण उघडल्यावर काय बघायचं

ओळखीच्या घड्याळजीकडे जा आणि झाकण आपल्यासमोर उघडायला सांगा. घड्याळ ठेवून येऊ नका. झाकणाच्या आतल्या बाजूला नंबर असेल, समजा १६८.००५. ओमेगाने १९६२च्या सुमारास सुरू केलेल्या या पद्धतीत पहिला १ म्हणजे पुरुषांचं घड्याळ, ६ म्हणजे ऑटोमॅटिक, ८ म्हणजे तारीख असलेला क्रोनोमीटर, अर्थात अचूकतेच्या चाचणीत उतरलेलं घड्याळ. १६७ असेल तर क्रोनोमीटर, पण तारखेविना. १६६ असेल तर तारखेचं साधं ऑटोमॅटिक, म्हणजे ते कॉन्स्टेलेशनचं झाकणच नव्हे.

आता मशीन. १६८.००५ मध्ये तांबूस रंगाचं ५६१ नंबरचं मशीन हवं. त्यावर २४ ज्वेल्स (घर्षण कमी करणारे बारीक खडे) आणि पाच स्थितींत व तापमानात जुळवल्याचा इंग्रजी मजकूर कोरलेला असतो. इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते. ५६२ हे त्याचं बिनक्रोनोमीटर भावंड, रंगही तोच, घडणही तीच. कधीकाळी दुरुस्तीत एखाद्याने सीमास्टर या ओमेगाच्याच दुसऱ्या मॉडेलचं ५६२ कॉन्स्टेलेशनच्या केसमध्ये (घड्याळाच्या धातूच्या कवचात) बसवून दिलं असेल, तर घड्याळ वेळ चोख दाखवेल, पण संग्राहकाच्या लेखी ते जोडकाम. भिंग लावून तेवढा एक आकडा वाचला की निम्मा निकाल लागतो. मशीनवरच्या अनुक्रमांकावरून सालाचा अंदाज येतो. दोन कोटींच्या आसपासचा आकडा म्हणजे साधारण साठच्या दशकाची सुरुवात.

डायलचं प्रकरण जास्त नाजूक. आपल्याकडे डायल नव्याने रंगवून घेणं ही वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगचाच भाग मानली गेली. पावसाळी दमटपणाने डायलवर डाग पडले की घड्याळजी आपुलकीने 'नवी करकरीत' करून देत. बाजारात मात्र डागाळलेली मूळ डायल रंगवलेल्या चकचकीत डायलपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त किमतीला जाते. रंगवलेली ओळखायची तर अक्षरांच्या कडा बघा: जाडसर, पसरलेल्या. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, तळाचं 'स्विस मेड' अर्धं कापलेलं किंवा गायब असतं. काटे साठ वर्षांचे आणि डायल कालची, हा तर उघड पुरावा. काच मूळची असेल तर तिच्या बरोबर मध्यभागी भिंगातून दिसेल न दिसेल एवढं ओमेगाचं चिन्ह असतं. चावी दहा पैलूंची हवी.

एक सावधगिरीची गोष्ट: साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अनेक घड्याळांत अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असे. असं घड्याळ घरी उघडून डायल खरवडत बसू नका.

केस सोन्याची असेल तर आत ०.७५० आणि हेल्वेशियाच्या (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) डोक्याचा छोटा शिक्का म्हणजे १८ कॅरेट. नाहीतर बहुधा स्टीलवर सोन्याचं आवरण. भरीव सोन्याचं असेल तर सराफाने सांगितलेला मोडीचा भाव ही तळाची रेघ समजा, त्याखाली कुणालाच द्यायचं नाही. पण डायल आणि मशीन मूळचं असताना घड्याळ मोडीत घालणं हा निव्वळ आडमुठेपणा.

किंमत कशी काढायची

संकेतस्थळांवर लोक मागतात ती किंमत नव्हे. लिलावगृहांचे निकाल सार्वजनिक असतात, त्यात आपल्याच नंबरचं, आपल्याच धातूचं घड्याळ खरोखर कितीला गेलं ते शोधा. मात्र त्या आकड्यात खरेदीदाराने बोलीच्या वर लिलावगृहाला भरलेला प्रीमियम मिळवलेला असतो, आणि मोठ्या लिलावगृहांत तो पाव हिश्शाच्या आसपास किंवा वर जातो. तेवढा वजा करूनच तुलना करा. मग कात्री: डायल रंगवलेली असेल तर मोठी, केसला वारंवार पॉलिश मारून कडा गोल झाल्या असतील आणि वेधशाळा पुसट झाली असेल तर मध्यम, चावी किंवा काच बदलली असेल तर छोटी. मूळ डबा, बिल, प्रमाणपत्र सापडलं तर भाव वर. झाकणावर 'निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' असं नाव कोरलेलं असेल तर, वाईट वाटेल, पण भाव खाली.

चार वाटा

हिशोबासाठी समजा की शेवटच्या संग्राहकाच्या हाती हे घड्याळ दीड लाखाला जाईल. हा आकडा निव्वळ गृहीत धरलाय.

जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे, मग तो मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवरचा असो की तुमच्या गावातला, पैसे आज मिळतात. ऐंशी-नव्वद हजारांची बोली आली तर त्याला लुटारू म्हणू नका. सर्व्हिसिंग तो करणार, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसा त्याचा अडकणार, मशीन बिघडलं तर डोकेदुखीही त्याचीच. पण तीस हजार म्हणाला तर नमस्कार करून उठा. तुम्ही स्वतःहून "१६८.००५ आहे, ५६१ मशीन, डायल मूळची" असं म्हणालात की बोलीची सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते. दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि "दोन दिवस ठेवून जा, पार्टीला दाखवतो" याला नकार द्या. सुटे भाग बदलतात ते याच दोन दिवसांत. आणखी एक, दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. समोरचा आग्रह करतो म्हणून हो म्हणू नका, दंड घेणाऱ्यावर बसतो.

वापरलेल्या महागड्या घड्याळांची शोरूम, म्हणजे एथॉसची सेकंड मूव्हमेंट किंवा तशा इतर, इथे व्यवहार कागदोपत्री स्वच्छ होतो. शोरूम घड्याळ एकरकमी विकत घेते किंवा विक्रीसाठी ठेवून कमिशन कापते. पण त्यांचं गिऱ्हाईक गेल्या दहा-वीस वर्षांतलं रोलेक्स शोधत येतं. साठ वर्षांचं, पातळसर, पाण्यात न चालणारं कॉन्स्टेलेशन त्यांना नको असण्याचीच शक्यता जास्त. ठेवून घेतलंच तर करारात किमान किंमत, मुदत, विमा आणि 'पॉलिश करणार नाही' हे चारही मुद्दे लेखी हवेत. चौथा मुद्दा लोक विसरतात आणि तोच सगळ्यांत महाग पडतो.

स्वतः ऑनलाइन विकलं तर हाती सगळ्यांत जास्त येऊ शकतं, दीड लाखातले सव्वा लाख किंवा वरही. बदल्यात व्याप सगळा तुमचा. समोरून, मागून, दोन्ही कडांनी, झाकणाची आतली बाजू, मशीनचा नंबर वाचता येईल असा जवळून: हे फोटो नसतील तर जाणकार विचारतही नाही, आणि जे विचारतात ते बहुतेक ठग. "मी लष्करात आहे, क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" हा नमुना एव्हाना सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक फसतात. देशातल्या देशात विकायचं तर बँकेच्या शाखेत भेटा, रक्कम खात्यात जमा झालेली बघा, मग घड्याळ द्या. क्रोनो२४ सारख्या घड्याळविक्रीच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर पैसे मध्यस्थाच्या खात्यात थांबतात ही मोठी सोय. पण परदेशी पाठवलेलं घड्याळ नापसंत होऊन परत आलं तर ते कस्टम्सच्या दारातून येतं, आणि आपल्याकडे वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत. पाठवतानाच कागद नीट केले नसतील तर आपलंच घड्याळ सोडवून आणणं त्रासाचं. एका कॉन्स्टेलेशनसाठी मी परदेशी गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडणार नाही.

लिलावाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत, आणि त्याला कारण पॉल न्यूमन. या अभिनेत्याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या कपाटात खजिना दिसतो. पण तिथे किंमत मिळाली ती मालकाच्या नावाला आणि त्या नावाच्या पुराव्याला. झाकणावर न्यूमनच्या पत्नीने 'जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतलेले होते. आपल्या आजोबांचं घड्याळ आपल्यासाठी अमूल्य, कॅटलॉगसाठी फक्त १६८.००५. जिनिव्हा-हाँगकाँगच्या लिलावगृहांना दीड लाखाच्या घड्याळात रस नसतो. मुंबईत अस्तागुरू आणि सॅफ्रनआर्ट यांनी घड्याळांचे लिलाव केले आहेत. तिथे चौकशी करायला हरकत नाही, पण कमिशन, फोटो, विमा यांचा खर्च आधी विचारा. घड्याळ न विकलं गेलं तर तो निकालही जगजाहीर राहतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. पैसे हाती यायला काही महिने धरा.

लिलावगृहाचं नाव म्हणजे खरेपणाची हमी असंही नाही. २०२१ साली जिनिव्हात फिलिप्सकडे १९५७चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर विकलं गेलं. घेणारी खुद्द ओमेगा. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळे भाग जुळवून बनवलेलं होतं, आणि कंपनीने आपल्याच माजी कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवलं. कंपनीच्या अभिलेखाचा उतारा, म्हणजे घड्याळ कधी बनलं याची तिच्या जुन्या दप्तरातली नोंद, मिळाला तर उत्तम, पण त्या कागदावरून आतलं मशीन मूळचं ठरत नाही.

घड्याळ दुसरं असेल तर

रोलेक्स ऑयस्टर असेल तर गणित बदलतं. जुन्या ऑयस्टरचे नंबर पट्टा काढल्यावर दोन कानांच्या (पट्टा अडकवायच्या टोकांच्या) मध्ये दिसतात, बाराच्या बाजूला मॉडेल, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. ते पुसट झालेत की मुद्दाम घासलेत हे नीट बघा. शोरूम याला आनंदाने घेते आणि पोलादी सबमरीनर किंवा जीएमटी असेल तर लिलावगृहही फोन उचलतं.

फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीचं मुंबईशी नातं १८६५ पासूनचं. त्यांची सी-चीफ, सी-किंग आपल्याकडे इतकी विकली गेली की आज टंचाई नाही, म्हणून भावही बेताचा. शिवाय मुंबईहून भडक रंगवलेल्या डायलची फाव्र-ल्यूबा इतकी बाहेर गेली की परदेशी संग्राहक भारतीय विक्रेत्याकडे आधी संशयाने बघतो. अपवाद दोन: १९६२चं बिव्हुआक, ज्यात उंची मोजणारा बॅरोमीटर आहे, आणि १९६८चं बॅथी, जे पाण्याची खोली दाखवतं. यातलं काही निघालं तर व्यापाऱ्याकडे जाण्याआधी लिलावगृहाला फोटो पाठवा. बाकी सगळी संग्राहकांच्या ऑनलाइन गटात विकावीत, त्यांच्यासाठी कमिशन मोजणं परवडत नाही.

आधी सर्व्हिसिंग करायचं का?

माझं मत: नाही. जाणकार खरेदीदाराला स्वतःच्या घड्याळजीकडून करून घ्यायचं असतं, खर्च तुमच्या अंगावर पडतो आणि भाव तेवढा वाढत नाही. कंपनीच्या अधिकृत केंद्रात दिलंच तर काय बदलणार ते हटकून विचारा, कारण जुनी डायल आणि काटे बदलून नवे बसवण्याकडे त्यांचा कल असतो. बदललेच तर जुने भाग परत मागून घ्या. बंद असेल तर 'बंद आहे' असं लिहून विका. चावी पिळून जबरदस्तीने चालू करून दाखवू नका, वाळलेल्या तेलात चाकं झिजतात.

माझ्या हाती मूळ डायलचं पोलादी कॉन्स्टेलेशन असतं तर मी देशातल्या संग्राहकांच्या गटात तीन-चार महिने प्रयत्न केला असता आणि जमलं नाही तर व्यापाऱ्याकडे गेलो असतो. डायल रंगवलेली असेल तर थेट व्यापारी, वेळ घालवण्यात अर्थ नाही. भावंडांत वाटणी करायची असेल तर मात्र शोरूम: किंमत थोडी कमी आली तरी चालेल, पण कागद पक्का असेल आणि "तूच स्वस्तात घालवलंस" हे पुढची वीस वर्षं ऐकावं लागणार नाही. भरीव सोन्याचं असेल तर व्यवहाराआधी सीएला विचारा, कारण ते करासाठी दागिन्यांत धरलं जाऊ शकतं.

कुठेही विका, पावतीवर फक्त 'ओमेगा घड्याळ १ नग' असं लिहून घेऊ नका. मॉडेल नंबर, मशीनचा अनुक्रमांक, केसचा धातू, रक्कम कशी दिली, 'जसं आहे तसं विकलं', आणि डायलबद्दल विक्रेत्याने काय सांगितलं, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या.