वृत्तपत्रांच्या फायली आणि शोधनिबंध : ग्रंथालयाने डिजिटल संग्रह कोठे उभारावा?

महाराष्ट्रातील अनेक जुन्या वाचनालयांत आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दोन प्रकारचा ऐवज एकाच कपाटात ठेवलेला आढळतो. एक म्हणजे त्या गावातून किंवा जिल्ह्यातून निघणाऱ्या साप्ताहिकांच्या व दैनिकांच्या बांधीव फायली. दुसरा म्हणजे स्थानिक प्राध्यापकांचे शोधनिबंध आणि संस्थेने कधीकाळी चालवलेल्या संशोधनपत्रिकेचे अंक. डिजिटायझेशनसाठी निधी मंजूर झाला की या दोहोंसाठी एकच निविदा निघते, एकच संगणकप्रणाली निवडली जाते आणि एकाच नमुन्यात दोहोंची नोंद होते. माझ्या मते येथेच मोठी चूक घडते. कार्यकारी मंडळापुढे सामान्यतः तीन पर्याय असतात : इंटरनेट आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर साहित्य चढवणे, डीस्पेससारखी डिजिटल संग्रहाची मुक्त प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे, किंवा एखाद्या मोठ्या संस्थेच्या संग्रहात आपला संग्रह समाविष्ट करणे. वृत्तपत्रांसाठी जो पर्याय योग्य, तो शोधनिबंधांसाठी बहुधा योग्य नसतो. आणि पैसा एकाच कामापुरता असेल, तर तो वृत्तपत्रांवर खर्च करावा.

या मताचे मुख्य कारण प्रतींच्या संख्येत आहे. विज्ञानविषयक शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हाच त्याच्या प्रती प्रकाशकाकडे, अनेक ग्रंथालयांत आणि सहलेखकांकडे पोहोचलेल्या असतात. भौतिकशास्त्र आणि गणितातील निबंधांसाठी १९९१ पासून आर्काइव्ह (एआरएक्सआयव्ही) हा, इंटरनेट आर्काइव्हहून वेगळा, मुक्त संग्रह आहे. भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिका विनामूल्य वाचता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर जाऊ लागले, आणि कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी ‘कृषिकोश’ आहे. याउलट तालुक्याच्या साप्ताहिकाची फाइल पुष्कळदा एकमेव असते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचा समावेश झाला आणि प्रकाशकांवर ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना अंक पाठवण्याचे बंधन आले. परंतु त्याआधीच्या अंकांना हा कायदा लागू नव्हता, आणि नंतरच्या काळातीलही प्रत्येक छोट्या साप्ताहिकाची अखंड फाइल तेथे असेल असे गृहीत धरता येत नाही. त्यात वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनलेला आणि आम्लयुक्त असल्यामुळे काही दशकांतच पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताना घडीवर तुटतो. शोधनिबंधाचे डिजिटायझेशन पाच वर्षांनी लांबले तर थोडी गैरसोय होते. साप्ताहिकाचे लांबले तर मधली काही वर्षे कायमची नाहीशी होऊ शकतात.

याला एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. संस्थेने स्वतः काढलेली आणि पुढे बंद पडलेली संशोधनपत्रिका, जिच्या निबंधांना डीओआय हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक नाही आणि जी कोणत्याही अनुक्रमणी सेवेत नाही, ती नावाने संशोधनाची असली तरी जतनाच्या दृष्टीने वृत्तपत्राच्याच पंक्तीत बसते. तिचीही प्रत एकमेव असू शकते.

स्कॅनिंगच्या कामातील अंतर आकड्यांनी स्पष्ट होते. मोठ्या आकाराचे वृत्तपत्राचे पान साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच धरले आणि ४०० डीपीआयवर (दर इंचात ४०० ठिपके) करड्या छटांत स्कॅन केले, तर असंकुचित प्रतिमा सुमारे ४६ एमबीची होते. चार पानी साप्ताहिकाची वर्षाला २०८ पाने होतात, म्हणजे चाळीस वर्षांची ८,३२० पाने आणि मूळ प्रतिमांसाठी सुमारे ३८० जीबी जागा. दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची झाल्यास त्याच्या दुप्पट. पाचशे शोधनिबंधांच्या पीडीएफ फायली, प्रत्येकी २ एमबी धरल्यास, १ जीबीत मावतात. शिवाय ए-४ आकाराचा निबंध साध्या स्कॅनरवर होतो, पण जाड बांधणीची फाइल सपाट उघडत नाही आणि शिवणीजवळचा स्तंभ वाकडा येतो. त्यासाठी वरून छायाचित्र घेणारा पुस्तक-स्कॅनर आणि काच लागते. माझ्या पाहण्यातील एका वाचनालयाने दर पानामागे सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराला काम दिले. सर्व पाने २०० डीपीआयवर आली, शिवणीकडची दोन-दोन अक्षरे कापली गेली, आणि ती फाइल पुन्हा उघडण्याच्या स्थितीत राहिली नाही. निविदेत डीपीआय, रंगछटा, मूळ टिफ (दर्जा न घटवता साठवलेल्या) प्रतिमांची मालकी आणि शिवणीकडील मजकुराची तपासणी या चार गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत.

मात्र खरा फरक शोधाच्या सोयीत आहे. शोधनिबंध शोधणाऱ्याला शीर्षक, लेखक, पत्रिका, वर्ष आणि सारांश एवढ्या नोंदीवर बहुतेक वेळा हवे ते मिळते, कारण निबंधाला स्वतःची ओळख असते. वृत्तपत्राच्या अंकाला तारखेपलीकडे ओळख नसते. १९५२ च्या एका अंकात नगरपालिकेची सभा, कापसाचे भाव, जाहीर नोटीस, पाऊसपाणी, एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन आणि कोणाची तरी निधनवार्ता असे सगळे एकत्र असते, आणि वाचकाला त्यातील चार ओळीच हव्या असतात. म्हणून वृत्तपत्राच्या संग्रहाचे मूल्य मजकूर-ओळख (ओसीआर), म्हणजे प्रतिमेतील अक्षरे संगणकाने वाचून शोधता येणारा मजकूर बनवणे, किती चांगली झाली यावर ठरते, आणि मराठीच्या बाबतीत हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

पहिली अडचण शुद्धलेखनाची. ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. अनुच्चारित अनुस्वार काढून टाकणारे नवे शुद्धलेखनाचे नियम शासनमान्य झाले १९६२ साली. म्हणजे मराठी वृत्तपत्रांची पहिली १३० वर्षे ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘येथें’, ‘पुण्यांत’ अशा लेखनाची आहेत. शोधपेटीत ‘पुण्यात’ लिहिणाऱ्याला ‘पुण्यांत’ सापडत नाही. उपाय असा की मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि शोधासाठीच्या अनुक्रमणीत अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ यांचा भेद शिथिल करावा. असा बदल स्वतःच्या सर्व्हरवर करता येतो, परक्या संकेतस्थळावर करता येत नाही.

दुसरी अडचण संगणकयुगातील आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. १९९० नंतरची अनेक वृत्तपत्रे श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांत जुळवली गेली. त्या काळातील पीडीएफ फायली डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतात, परंतु आतला मजकूर युनिकोड या प्रमाणित अक्षरसंकेतात नसल्यामुळे तो कॉपी केल्यास इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी हाती येते. ‘आमच्याकडे अलीकडच्या अंकांच्या पीडीएफ आहेत, त्यांना काही करायला नको’ असे संपादक सांगतात तेव्हा त्यांची समजूत प्रामाणिक असते, पण शोधाच्या दृष्टीने त्या फायली रिकाम्याच असतात. त्यांचे फाँट-रूपांतर तरी करावे लागते, किंवा पानाची प्रतिमा काढून नव्याने मजकूर-ओळख करावी लागते. याशिवाय ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, आणि दोन्ही दिसतात सारखेच. असे भेद एकरूप करून घेतले नाहीत तर एकाच शब्दाचे दोन शब्द होतात.

स्तंभांची गोष्ट तिसरी. मजकूर-ओळख करणाऱ्या प्रणालीला पानाची मांडणी कळली नाही तर ती शेजारच्या दोन स्तंभांच्या ओळी एकापुढे एक जोडते आणि निधनवार्तेत गुळाचे भाव मिसळतात.

या कसोट्यांवर पर्याय पाहू. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून चालू असलेली, सॅन फ्रान्सिस्कोतील ना-नफा संस्था आहे. साहित्य चढवण्यास ती पैसे घेत नाही, आणि २०२० पासून तेथे टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली वापरून मराठीचीही मजकूर-ओळख आपोआप होते. अट एवढीच की नोंदीत भाषा ‘मराठी’ अशी नीट भरलेली हवी; ती रिकामी राहिली किंवा चुकीची भरली तर मजकूर सदोष निघू शकतो. वाचकाला पान उलटण्याची आणि अंकाच्या आत शोधण्याची सोय मिळते, आणि सर्व्हर सांभाळण्यासाठी कोणालाही नेमावे लागत नाही. उणिवा दोन आहेत. नोंदीची शिस्त पूर्णपणे आपल्यावर असते, आणि चढवलेले साहित्य सर्वांसाठी खुले होते.

डीस्पेस २००२ मध्ये एमआयटी आणि एचपी यांच्या सहकार्यातून आले, आणि विद्यापीठांच्या शोधनिबंध-संग्रहांसाठी ते फार चांगले आहे. प्रत्येक निबंधाला स्थिर पत्ता मिळतो, नोंद डब्लिन कोअर या प्रमाणित नमुन्यात राहते, गूगल स्कॉलरला ती वाचता येते, इतर संग्रहांना ती आपोआप उचलता येते, आणि एखादा निबंध ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवता येतो. पण डीस्पेस स्वतः मजकूर-ओळख करत नाही. पीडीएफमध्ये मजकूर असेल तर तोच अनुक्रमणीत जातो, आणि सर्वसाधारण मांडणीत शोधाचे उत्तर म्हणून फाइल मिळते, नेमके पान मिळत नाही. दहा पानी निबंधासाठी एवढे पुरते, वर्षभराच्या फायलीसाठी पुरत नाही. शिवाय ती ज्यांवर चालते त्या जावा, पोस्टग्रेस आणि सोलर या सॉफ्टवेअरांची देखभाल करणारा माणूस कायम लागतो. प्रणाली बसवून देणारा तरुण दोन वर्षांनी दुसरीकडे नोकरीला जातो, पासवर्ड कोणाकडेच राहत नाही आणि सर्व्हर एका पावसाळ्यात बंद पडतो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

मोठ्या संस्थेच्या संग्रहात जाण्याचा पर्याय मला वृत्तपत्रांसाठी सर्वांत आश्वासक वाटतो, पण तो आपल्या हातात नसतो. १८०४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथ संजीवनी’ या संग्रहात जुनी पुस्तके आणि वृत्तपत्रे आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र शोधू देते. स्कॅनिंग सुरू करण्यापूर्वी निदान या ठिकाणी आपल्या साप्ताहिकाचे नाव शोधून पाहावे, म्हणजे जे आधीच झाले आहे त्यावर पुन्हा खर्च होणार नाही. परदेशातील उदाहरण घ्यायचे तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’चे घ्यावे. तेथे मजकूर-ओळखीतील चुका वाचक स्वतः दुरुस्त करतात आणि ती दुरुस्ती लगेच शोधात उतरते. मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधनाची तशीच व्यवस्था आहे, आणि निवृत्त शिक्षकांचा एखादा गट पाठीशी असेल तर निवडक अंक तेथे नेणे शक्य आहे.

स्वामित्वहक्काचा प्रश्न दोन्ही प्रकारांत निराळा येतो. भारतीय कायद्यानुसार निनावी प्रसिद्ध झालेला मजकूर प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी मुक्त होतो. म्हणजे १९६४ च्या अंकातील निनावी बातम्या १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाल्या. लेखकाच्या नावाने आलेल्या लेखाला मात्र त्याच्या हयातीचा काळ आणि पुढे साठ वर्षे संरक्षण असते. २०१२ च्या दुरुस्तीने गैरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत त्याच्याकडे असल्यास, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ही मुभा साठवण्याची आहे, सर्वांसाठी प्रसारित करण्याची नाही. म्हणून कागद तुटण्याच्या आधी अलीकडचे अंकही स्कॅन करावेत, पण ते ग्रंथालयातील संगणकावरच दाखवावेत किंवा मालकाची लेखी परवानगी घ्यावी. शोधनिबंधांत हक्क बहुधा प्रकाशकाकडे गेलेला असतो. पुष्कळ प्रकाशक छापील स्वरूपातील पीडीएफला मनाई करतात, पण लेखकाकडील स्वीकृत मसुदा संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात. तो मसुदा लेखक निवृत्त होण्यापूर्वीच मागून घ्यावा, कारण नंतर तो मिळत नाही.

स्थानिक वृत्तपत्रांबाबत स्वामित्वहक्काच्या कायद्यापलीकडचीही एक जबाबदारी आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पोलीस वार्तांत पीडित स्त्रियांची आणि अल्पवयीन मुलांची नावे छापलेली आढळतात. फाइल कपाटात होती तोवर ती कोणाला सहज सापडत नव्हती. शोधयंत्रात आली की नातवंडांपर्यंत पोहोचते. असे अंक खुले करण्यापूर्वी एका जाणत्या माणसाने वाचलेच पाहिजेत.

टिकाऊपणाच्या प्रश्नावर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चा अनुभव बोलका आहे. सरकारी पाठबळावर लाखो पुस्तके स्कॅन झाली, पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडले, आणि आज ती पुस्तके वाचली जातात ती बव्हंशी इंटरनेट आर्काइव्हवरील प्रतींमुळे. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस बंद होते. त्यामुळे कोणताही पर्याय निवडला तरी मूळ टिफ प्रतिमा दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवणे आणि वर्षातून एकदा त्या उघडून तपासणे हा खर्च टाळता येत नाही.

तंत्रज्ञ नसलेल्या वाचनालयाला माझा सल्ला असा की साठ वर्षांपूर्वीचे अंक, त्यांतील सही असलेल्या लेखांचा हक्क तपासून, इंटरनेट आर्काइव्हवर चढवावेत आणि डीस्पेसच्या वाटेला जाऊ नये. संगणक विभाग असलेल्या महाविद्यालयाने शोधनिबंधांसाठी डीस्पेस जरूर चालवावे, आणि वृत्तपत्रांच्या केवळ नोंदी त्यात ठेवून दुवा इंटरनेट आर्काइव्हकडे द्यावा. दोन्ही ठिकाणी प्रत्येक अंकाची वेगळी फाइल करावी, वर्षाची एक करू नये, आणि फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावे. जुन्या अंकांवर फक्त शके आणि तिथी असेल तर शकात ७८ मिळवून इसवी सन काढावा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांसाठी ७९ मिळवावेत, आणि छापलेला शकही नोंदीत तसाच ठेवावा. जे अंक फायलीत नाहीत त्यांची यादी संग्रहाच्या पहिल्याच पानावर द्यावी, म्हणजे गावातील कोणाच्या माळ्यावर ते असतील तर आणून देता येतील.