‘बिनकेमिकल’ कोल्हापुरी म्हणून आईच्या गळ्यात मारलेली चप्पल

पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास कोल्हापुरी घ्यायला जाणार असाल तर हे वाचून जा, घरात कुणाला चपलेची अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच.

आईला क्रोमची अ‍ॅलर्जी आहे हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. बरीच वर्षं पावलांवर पुरळ यायचं आणि मेडिकलवाला दरवेळी गजकर्णाची ट्यूब द्यायचा. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्याबघितल्या सांगितलं की बोटांच्या बेचक्या स्वच्छ आहेत, पुरळ बरोबर पट्ट्याखाली आहे, हे फंगस वाटत नाही. मग पॅच टेस्ट, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायची चाचणी. पाठीवर चिकटपट्ट्या, दोन दिवस पाठ ओली करायची नाही आणि ते पण ऐन मे महिन्यात, आई नुसती वैतागली होती. पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा क्षार, पॉझिटिव्ह आलं. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, घाम आला की ते सुटून कातडीत उतरतं.

डॉक्टर म्हणाले चामडंच हवं तर सालीत कमावलेलं बघा. खरी कोल्हापुरी तशीच असते, बाभळीची साल, हिरडा, आणि शिवण चामड्याच्या वादीची. दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं, अ‍ॅलर्जीसकट. तो म्हणे, “ताई, केमिकलचा थेंब नाही, जीआयवाला माल आहे, मावशींना बिनधास्त घालू द्या.” जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कोल्हापुरीला 2019 मध्ये मिळालाय हे खरं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना, पण म्हणून दुकानात टांगलेला प्रत्येक जोड तिथलाच असतो असं थोडंच आहे!

आठवड्याभरात दोन्ही पायांवर पट्ट्याच्या आकाराचे लाल चट्टे, मग बारीक पाण्याचे फोड, आणि खाज अशी की रात्री झोप नाही. दुकानदार म्हणतो नवी चप्पल चावतेच, तेल लावा. अहो चप्पल चावली तर घासते तिथे सोलवटतं, पट्ट्याचा छाप उमटून खाजत नाही.

मंडईजवळच्या मोचीकाकांना दाखवली. त्यांनी रापीने पट्ट्याची कड कापली, आत निळसर राखाडी, क्रोमच्या चामड्यासारखं. सालीतलं चामडं आरपार तपकिरी दिसतं म्हणाले. नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, त्याला लॅब लागते, हे मान्य. पण मग त्यांनी तळ उचकटला तर आत रबराची शीट, कडेने चामड्यासारखी पट्टी चिकटवलेली, सोल्युशनचा भपकारा आणि वरची शिवण निव्वळ शोभेची! रबरातल्या आणि सोल्युशनमधल्या केमिकलनी पण कित्येकांना अ‍ॅलर्जी येते, म्हणजे बिनकेमिकलच्या नावाखाली सगळंच एका जोडात.

बिलावर फक्त ‘चप्पल 1 जोड’ आणि खाली शिक्का, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या शिक्क्याला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस. हे ऐकवल्यावर साहेब ‘दुसरा जोड देतो’ वर आले, त्याच रॅकमधला! नको म्हटलं आणि 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. चप्पल, कापलेला तुकडा, आईच्या पायांचे फोटो सगळं जपून ठेवलंय.

तुम्ही घ्याल तेव्हा ‘सालीत कमावलेलं चामडं, रबर नाही’ असं बिलावरच लिहून मागा. जो लिहायला का-कू करेल त्याच्याकडे घेऊ नका.