फॉलीचा फुगा की मिसोचं पाणी?

कळा आपणहून येत नसतील तर त्या आणाव्या लागतात, याला इंडक्शन म्हणतात; त्यासाठी फॉलीचा फुगा वापरायचा की मिसो, हा इथला प्रश्न. गंमत अशी, की या दोन्ही गड्यांचा जन्म बाळंतपणासाठी झालेला नाही. फॉली कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी, लघवीसाठी बनवलं (इंडक्शनला ते गर्भाशयाच्या तोंडातून घालून फुगा पाण्याने फुगवतात), मिसोप्रोस्टॉल, म्हणजे मिसो, जठराच्या अल्सरसाठी. दोघेही लेबर रूममध्ये मागच्या दाराने शिरले आणि आता घरचेच होऊन बसलेत. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणारे मला विचारतात की एकच पद्धत नीट बसवायची तर कोणती? मी दोन्ही बरीच वर्षं वापरली आहेत, आधी एकीचा कट्टर होतो, मग पक्ष बदलला. तेव्हा माझं मत अगदी तटस्थ समजू नका.

प्रश्न कोणापुरता आहे ते आधी सांगतो. दिवस भरलेले किंवा भरत आलेले, पाणमोट शाबूत, बाळाचं डोकं खाली, बिशप स्कोअर (गर्भाशयाचं तोंड किती तयार आहे याचे गुण) दोन-तीनच्या पुढे जात नाही, आणि गर्भाशयावर जुना व्रण नाही. आधीचं सिझेरियन असेल तर तुलनाच संपली. तिथे मिसो नाही म्हणजे नाही. वार खाली असेल तर फुगाही नाही.

आता पुरावा. या विषयावर चाचण्या इतक्या झाल्या आहेत की हवं ते मत घेऊन जा, आधाराला पेपर मिळेल. मला तीनच महत्त्वाच्या वाटतात. नेदरलँड्समधली प्रोबाट-२ ही २०१६ साली आली. १,८५९ बायका, तोंडाने मिसो विरुद्ध फॉली. सुरक्षिततेत दोन्ही जवळपास सारख्या ठरल्या. सिझेरियनचं प्रमाण मिसोकडे १६.८ टक्के, फॉलीकडे २०.१ टक्के. दुसरी इन्फॉर्म, २०१७ सालची, नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतली. त्यात ६०२ बायका होत्या, सगळ्यांचं बीपी वाढलेलं, म्हणजे थांबायला वेळ नसलेल्या. २४ तासांत नैसर्गिक प्रसूती मिसोकडे ५७ टक्के आणि फॉलीकडे ४७ टक्के. गर्भाशयाच्या अति आकुंचनाचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत. तिसरा, झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेचा २०२१ चा आढावा, ६१ चाचण्या, वीस हजारांवर बायका. कमी डोसचं तोंडी मिसो फॉलीपेक्षा बहुधा थोडी सिझेरियन वाचवतं, असं तो म्हणतो. त्यातला ‘बहुधा’ हा शब्द त्यांचाच आहे आणि तो तसाच ठेवलेला बरा.

फुग्याच्या बाजूने लोक लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातलं २०२२ चं विश्लेषण पुढे करतात. त्यात बाळाच्या दृष्टीने फुगा जास्त सुरक्षित ठरला होता. खरं आहे. पण ती तुलना योनीमार्गे दिलेल्या प्रोस्टाग्लँडिनशी, म्हणजे मिसो ज्या गटातलं आहे त्या औषधांशी, होती. तोंडाने घेतलेलं मिसो अर्ध्या तासात रक्तात चढतं आणि दोनेक तासांत ओसरतं. योनीमार्गे दिलेलं सावकाश चढतं आणि बराच वेळ रेंगाळतं. कळा अंगावर यायला लागल्या तर एकात पुढचा डोस थांबवणं हा खरा उपाय असतो, दुसऱ्यात आधीच घातलेलं औषध आपल्या मर्जीने उतरत नाही. ‘मिसो धोक्याचं’ म्हणणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो, कुठल्या वाटेने दिलं होतं?

एवढा पुरावा मिसोकडे झुकत असताना मी इतकी वर्षं फॉलीवाला का होतो? कारण गोळी. आमच्याकडे मिळायची ती २०० मायक्रोग्रॅमची, द्यायचे २५. म्हणजे एका गोळीचे आठ तुकडे. हे काम ब्लेडने, ट्रेच्या कडेवर, ज्याच्या हाताला सवय असेल तो करायचा. पहिले दोन भाग सरळ पडतात, चार बरे पडतात, आणि आठव्यापर्यंत येता येता निम्मं औषध चुऱ्यात गेलेलं असतं. एकीला कदाचित पंधरा मायक्रोग्रॅम जायचे, शेजारणीला चाळीस. वर उरलेले तुकडे कागदात गुंडाळून उद्यासाठी ठेवायचे, आणि हे औषध तर ओल लागली की कमजोर होतं. अशा गोळीने कळा आणण्यापेक्षा ३० मिलि पाण्याचा फुगा मला कितीतरी प्रामाणिक वाटायचा. तो ३० म्हणजे ३० असतो.

मग कधीतरी पाणी सापडलं. २०० मायक्रोग्रॅमची एक गोळी २०० मिलि पाण्यात विरघळवायची, की प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. २५ मिलि मोजून प्यायला द्यायचे, दर दोन तासांनी. जागतिक आरोग्य संघटनेची तोंडी मिसोची शिफारसही हीच आहे, २५ मायक्रोग्रॅम दर दोन तासांनी. ब्लेड कपाटात गेलं. २५ च्या तयार गोळ्या मिळत असतील तर पाण्याचाही खटाटोप नको.

पण डोसचा प्रश्न सुटला म्हणून काही मी फॉली सोडली नाही. सोडली ती सकाळच्या त्या फोनमुळे.

रात्री दहाला फुगा घातलेला असतो. सकाळी सहाला सिस्टरांचा फोन येतो, ‘सर, फुगा पडला, गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर.’ नातेवाइकांच्या चेहऱ्यावर आनंद, निवासी डॉक्टरच्या चेहऱ्यावर आनंद, आणि बाई मात्र गप्प झोपलेली असते. कळाच नाहीत. मी याला उसनं उघडलेलं तोंड म्हणतो. फुग्याने ते ताणून उघडलंय, गर्भाशयाने उघडलेलं नाही. तासाभराने पुन्हा तपासलं तर चारचे तीन झालेलेही मी पाहिलेत. मग पाणमोट फोडायची, कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप लावायची, थेंब वाढवत जायचं. बाई दिवसभर खाटेला बांधलेली. दुपारी ड्युटी बदलली की नवा माणूस कागद पाहतो. त्यावर सकाळी चार सेंटिमीटर, आणि दुपारीही चारच. ‘आठ तासांत प्रगती नाही’ असा शेरा पडतो आणि थिएटर तयार करायला सांगितलं जातं.

यात चूक फुग्याची नाही, हे मलाही कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या सक्रिय टप्प्याची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरली, तेव्हा सकाळचे ते चार मुळात घड्याळ लावण्याजोगे नव्हतेच. इंडक्शन फसलं असं म्हणण्याआधी पाणमोट गेल्यावर निदान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन चालू द्यावं, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ पासून सांगून ठेवलंय. हे सगळं भिंतीवर लावलेलं असतं. पण संध्याकाळी पाच वाजता, दमलेली बाई, तिची त्याहून दमलेली आई आणि कागदावर दोनदा लिहिलेलं ‘चार’, यापुढे भिंतीवरचा कागद टिकत नाही. निदान माझ्या हाताखाली तो टिकला नाही, आणि माझ्या स्वतःच्या हातूनही दोन-चारदा नाही.

मिसोच्या पाण्यात ही पायरीच वगळली जाते. तोंड मऊ होणं आणि कळा येणं एकाच वाटेने चालतं. चार सेंटिमीटर लिहिलं जातं तेव्हा बाई सहसा खाटेचा गज धरून उभी असते, त्यामुळे त्या चाराचा अर्थ लावावा लागत नाही. ड्रिप लागतच नाही असं नाही. पण माझ्या अनुभवात ती उशिरा लागते आणि कमी जणींना लागते. मी मोजदाद ठेवलेली नाही. ड्रिप लावायचा पंप आमच्याकडे पूर्वी कायम व्यापलेला असायचा, हल्ली बऱ्याचदा कोपऱ्यात रिकामा दिसतो. माझं मोजमाप एवढंच.

बाईच्या बाजूनेही पाहा. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारं उपकरण), गर्भाशयाच्या तोंडातून नळी, मांडीला चिकटवलेली पट्टी, हे काहीजणी सहज सोसतात. काहीजणी त्या पहिल्या पाच मिनिटांतच आम्हा डॉक्टरांवरचा विश्वास गमावतात, आणि तो पुढचे वीस तास परत येत नाही. पेला पिणं त्यामानाने सोपं.

मिसोचे दोषही आहेत. दर दोन तासांनी कोणीतरी उठून आधी कळा मोजायच्या, ठोके ऐकायचे आणि मगच पेला द्यायचा. दहा मिनिटांत तीन चांगल्या कळा असतील तर पेला परत न्यायचा, हे प्रत्येक सिस्टरच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. ‘लिहिलंय म्हणून दिला’ हे वाक्य मी एकदा ऐकलं आहे, पुन्हा ऐकायची इच्छा नाही. मिसोनंतर ड्रिप लावायची तर घाई करून चालत नाही, मी शेवटच्या डोसनंतर चार तास थांबतो. ज्या ठिकाणी रात्री दहा खाटांना एकच जोडी डोळे आहेत, तिथे फुगाच बरा. तो रात्रभर फारसा त्रास न देता पडून राहतो. बाळाची वाढ खुंटलेली असेल, डॉप्लर (बाळाच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) शंकास्पद असेल, तरी मी अजून आधी फॉलीच उचलतो. त्या बाळाला जादा आकुंचनाची एक फेरीसुद्धा महाग पडू शकते.

दोन्ही एकत्र वापरावं का, असं हल्ली विचारतात. २०१६ च्या एका अमेरिकन चाचणीत मिसो आणि फॉली मिळून प्रसूतीला मध्यक वेळ १३.१ तास लागला, एकेकट्याने साडेसतराच्या आसपास. घाई असेल तर चांगला मार्ग. पण तिथलं मिसो योनीमार्गे होतं, आणि सिझेरियन त्याने कमी झाली नाहीत. रोजच्या कामात मी त्यात पडत नाही.

पाण्याकडे वळणार असाल तर एवढं करा. बाटलीवर गोळी विरघळवल्याची वेळ जाड अक्षरात लिहा. प्रत्येक वेळी ओतण्याआधी बाटली हलवा, कारण गोळीचा साका तळाशी बसतो. २५ मिलि सिरिंजने मोजा, झाकणाने नाही. आणि २४ तास झाले की उरलेलं, कितीही उरलं असलं तरी, सिंकमध्ये ओता.