मामांचं दही, मामांचं दूध आणि माझा वजनकाटा

बेळगावात शहापूरकडनं वडगावला जाताना एक बिननावाची डेअरी लागते. फलकावर मोठ्या कन्नड अक्षरांत ‘हालु, मोसरु’ आणि त्याच्या पोटात बारीक मराठीत ‘दूध, दही’. बास. गल्लीत सगळे ‘मामांची डेअरी’ म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. गेली अकरा वर्षं रोज सकाळी सव्वासहाला मी तिथं जातो, नाहीतर माझी बरणी जाते. सकाळची रांग तिथं माणसांची नसतेच, भांड्यांची असते. किटल्या, चरव्या, स्टीलचे डबे कट्ट्यावर ओळीनं मांडायचे आणि समोरच्या गाड्यावर चहा पीत उभं राहायचं. भांडं पुढं सरकवायचं काम जो हाताशी असेल तो करतो. यात भांडण झालेलं मी एकदाच पाहिलं, तेही भांड्यावरून नव्हे, क्रिकेटवरून.

आता कबुली. मी दूध पीत नाही. चहापुरतं जाईल तेवढंच.

वडील मागावर बसायचे. रात्री माग थांबला की घरात एकदम शांत व्हायचं आणि त्या शांततेत आई हळद घातलेल्या गरम दुधाचा पितळी पेला समोर आणून ठेवायची. कापसाची धूळ छातीत बसते ती दुधानं सुटते, असं वडलांचं म्हणणं. छातीत धूळ त्यांच्या, पेला मला. वर धरलेली साय फुंकर मारून कडेला ढकलायची आणि पलीकडच्या बाजूनं घोट घ्यायचा, ही माझी युक्ती. पण शेवटच्या घोटाला साय ओठाला चिकटायचीच आणि पोटात ढवळून यायचं. “पोट दुखतंय” म्हटलं की “दूध प्यायचं नाही म्हणून सोंग करतोय” हे ठरलेलं. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दुधातली साखर पचवण्याची ताकद पुष्कळांत वयाबरोबर कमी होत जाते, काहींना ती लवकरच सोडून जाते. दही चालेल, कारण विरजण त्यातली थोडी साखर आधीच खाऊन टाकतं. म्हणजे मी खरं बोलत होतो. पण हे ऐकवायला तोवर घरात कुणी मोठं उरलं नव्हतं.

सासुरवाडी निपाणीची, म्हणजे जिल्हा बेळगाव आणि जीव कोल्हापुरात. लग्नानंतर मेव्हण्यानं एकदा कोल्हापूरला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, गवळी समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतो आणि मंडळी मिशीवरचा फेस पुसत दुसरा मागतात. मी नवा जावई, नाही म्हणता येईना. अर्धा पेला कसाबसा गेला. परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो, एवढंच लिहितो. न उकळलेलं दूध डॉक्टर नको म्हणतात ते वेगळंच.

तर दूध न पिणाऱ्या माणसानं डेअरीबद्दल का लिहावं? दह्यासाठी.

मामांचं दही मातीच्या गाडग्यात लागतं. गाडगी खानापूरची. तिकडची माती आणि तिकडचं कुंभारकाम आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कोरं गाडगं दह्यातलं पाणी ओढून घेतं, बाहेरून सतत ओलसर राहतं आणि आत दही गार आणि घट्ट होत जातं. चमचा उभा घालून बाहेर काढला की सरळ चीर पडते, आणि त्या चिरेत पाणी जमायला चांगली पाचेक मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. आंबटपणा सकाळी बेताचा, दुपारी बरोब्बर, संध्याकाळी सातनंतर कढीलाच घ्यावं. मामा थर्मामीटर वापरत नाहीत. उकळलेल्या दुधात करंगळी बुडवून दहा आकडे म्हणता आले की विरजण घालतात. डिसेंबरात बेळगावची थंडी पडली की गाडगी भुश्यात पुरून वर पोती टाकतात, तरी एखादा दिवस दही लागत नाही. त्या दिवशी ते सरळ “आज न्हाई” म्हणतात. पातळ दही गळ्यात मारत नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. गाडग्याचे वीस रुपये अनामत घेतात आणि परत आलेली गाडगी धुऊन, भाजून पुन्हा वापरतात. चार-पाच वेळा चालतं. त्यानंतर तुपकटपणानं मातीची भोकं बुजतात, गाडगं पाणी ओढायचं बंद होतं आणि आतलं दही स्टीलच्या डब्यातल्यासारखं लागतं. घेताना बाहेरून हात फिरवून बघा. कोरडं ठणठणीत असेल तर “दुसरं द्या की मामा” म्हणायचं. कुरकुरतात, पण देतात.

उद्यमबागेत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. दुपारी दीडला लेथ बंद होतात आणि डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, चटणीत बोटानं खळगा करून त्यात दही. बागलकोटचा एक टर्नर आहे, तो जवसाची चटणी आणतो आणि माझ्या दह्यावर त्याचा हक्क गृहीत धरतो. आमचा रोजचा वाद एकच. मी म्हणतो तुझं मोसरन्ना म्हणजे आमचा दहीभात. तो म्हणतो, “तुम्ही कालचा भात संपवायला दही घालता, आम्ही मोसरन्नासाठी मुद्दाम भात लावतो.” याला अजून मला उत्तर सुचलेलं नाही.

आता दूध. इथं गोष्ट जरा वाकडी आहे.

माझ्याकडं लॅक्टोमीटर आहे. मोजण्याची हत्यारं दिसली की घ्यायची, हा धंद्याचा रोग. पण लॅक्टोमीटरला फसवणं सोपं. पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि तो खाली बुडतो, साय काढून घेतली की दूध जड होतं आणि तो वर येतो. म्हणजे आधी साय काढायची, मग बेतानं पाणी घालायचं, लॅक्टोमीटर खूश. म्हणून मी दुसरा उपाय काढला. महिन्यातल्या एका रविवारी एक लिटर दूध लोखंडी कढईत आटवायचं. कढई आधी रिकामी तोलायची, नंतर खव्यासकट तोलायची. वर्कशॉपमधला काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. बायको म्हणते, एवढा गॅस जाळून तुम्हाला कळणार काय? कळतं. चांगलं म्हशीचं दूध लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर खवा देतं. मामांच्या दुधाचा नोव्हेंबरातला आकडा होता २१४, जानेवारीत २१७. मे महिन्यात आला १८३.

आकड्यापेक्षा रंगानं चुगली केली. खवा पिवळसर होता. गाईच्या दुधात कॅरोटीन असतं, म्हणून तिचं लोणी-तूप पिवळं. म्हशीच्या दुधात तो रंग नसतो, खवा पांढराफटक निघतो. म्हणजे पाणी नव्हतं, गाईचं दूध होतं. आणि पैसे मी म्हशीचे मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी खवा वाटीत घालून घेऊन गेलो. रांग ओसरेपर्यंत थांबलो, चारचौघांत विचारायला बरं वाटेना. मामांनी वाटी उजेडात धरली, वास घेतला, चिमटीभर तोंडात टाकला.

“मेस्त्री, पाणी न्हाई घातलं. देवाशपथ.”

“पाणी म्हटलं काय मी?”

मामा गप्प. मग कट्टा पुसायचं फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, “उन्हाळ्यात म्हशी आटत्यात. लगनं आटत्यात काय?”

याला काय बोलणार? म्हशी विशेषकरून पावसाळा ते हिवाळा या दिवसांत वितात. थंडीत दूध उतू जातं, तेव्हा शेजारीपाजारी खरवस फिरतो (आमच्याकडं अर्धी माणसं त्याला गिण्णच म्हणतात). आणि एप्रिल-मेमध्ये, नेमकं लग्नसराईत, खव्यापासून मठ्ठ्यापर्यंत सगळ्यांना दूध हवं तेव्हा गोठा कोरडा. मामा खेड्यातल्या एकाकडनं गाईचं दूध घेऊन त्यात मिसळत होते.

“मग सांगायचं की.”

“सांगिटलो तर भाव कमी करा म्हणशिला.”

“म्हणणारच की!”

पुढच्या सोमवारी कट्ट्यावर दोन कॅन होते. एकाला लाल फडकं बांधलेलं, म्हशीचं, ७२ रुपये. दुसऱ्यावर खडूनं ‘मिक्स’, ६२. लाल फडक्याचं दूध पावणेसातला संपायचं आणि मागून येणाऱ्यांची तोंडं वाकडी व्हायची. पण कशाचे पैसे देतोय ते कळत होतं. मागच्या महिन्याचा फरक मला काही मिळाला नाही. एक दह्याचं गाडगं मिळालं, कोरं. घेतलं. काटा अजून कपाटात ठेवलेला नाही.

घरात पाकीटवाल्यांचाही पक्ष आहे. बायको गोकुळवर वाढली. कोल्हापूरचा तो संघ १९६३ सालचा, आणि ती सांगताना असं सांगते की वाटावं तिच्याच आजोबांनी काढला. मुलगा कर्नाटकातल्या ‘नंदिनी’ दुधाच्या निळ्या पाकिटावर खूश. त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही: टोन्ड दुधात तीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के इतर घन पदार्थ, हे मेमध्येही तेवढंच. म्हशी आटोत, लगनं होवोत. जून २०२४ मध्ये पाकीट दोन रुपयांनी महाग झालं आणि आत ५० मिली ज्यादा आलं, तेव्हा त्या ५० मिलीवर बायकोनं रोजचं विरजण लावायला सुरुवात केली. एप्रिल २०२५ पासून लिटरला चार रुपये वाढले आणि ते ५० मिलीही गेलं. विरजणाची वाटी आठवडाभर ओट्यावर रिकामी पालथी होती. तरी पाकिटातलं दही मला खपत नाही. चव वाईट नाही, पण रोज तीच. मामांचं दही सोमवारी एक आणि गुरुवारी एक असतं.

तुपाबद्दल थोडक्यात. पांढरं, रवाळ, किलोला ८०० रुपये, चांगलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तुपावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला तेव्हा मी हटकलं, मामा आता कमी करा. म्हणाले, “मी घेतच नव्हतो, कमी कशातनं करू?” लोणी कढवतात त्या दिवशी पातेल्याच्या बुडाची बेरी साखर घालून शाळेला चाललेल्या पोरांच्या हातावर ठेवतात. मी पोरांच्या मागं उभा राहतो. एकदा मिळाली.

मसाला ताक घेऊ नका. मिरची फार, ताक कमी. पनीर रबरासारखं.

कुंदा बेळगावात विकत कुठंही चांगला मिळतो, पाहुण्यांना आम्हीही बाजारातलाच देतो. पण दिवाळीत एकदा घरी होतो, आणि तो मामांच्या दोन लिटर दुधाचाच. दूध निम्म्यावर आलं की चमचाभर दही घालायचं, मग ते बारीक फाटून रवाळ होतं. साखर अर्धी तशीच आणि अर्धी वेगळी करपवून, तांबूस करून. मी फक्त ढवळतो, पण दीड तास ढवळतो. शेवटी कढईच्या बुडाला धरलेला जो काळपट, चिवट थर असतो त्यावर घरातल्या कुणाचाही हक्क नाही, तो ढवळणाऱ्याचा. दूध न पचणारा मी तो खरवडून खातो आणि रात्री जे होतं ते सोसतो.

जाणार असाल तर: एकादशीला सहाच्या आत जा, उपासवाले दही उचलतात. दिवाळीच्या पाडव्याला जाऊच नका. त्या दिवशी गवळी लोक म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पुढं फटफटी आणि मागं म्हैस. मामांच्या दोघी असतात. दूध दुपारपर्यंत मिळत नाही आणि विचारलं तर मामांना ऐकूही येत नाही. आदल्या संध्याकाळी दुप्पट घेऊन ठेवा. आणि भांडं आपलं न्या, पिशवीत बांधून दिलेलं दूध घरी येईतो अर्धं पायावर येतं. कट्ट्यावर निळ्या झाकणाची, कानाला तार बांधलेली बरणी दिसली तर ती माझी. पुढं सरकवून ठेवा, मी समोर चहाला आहे.